आधी घरात बसायला शिकवा, फॉर्म नंतर

एकाच घरी, एकाच आठवड्यात, बाल कल्याणाच्या कामातले दोन नवीन वर्कर जाऊन आले आणि दोघांनी व्हिजिटची नोंद लिहून आणली. पहिली नोंद अशी होती: "घर अस्वच्छ. आई सहकार्य करत नाही, उडवाउडवीची उत्तरं देते. मुलाकडे दुर्लक्ष. वडील गैरहजर." दुसरी थोडी लांब होती: "दार उघडायला बराच वेळ लागला. आईने सांगितलं की ती रात्रपाळी करून सकाळीच आली. खोलीत 2 अंथरुणं, भांडी घासायची राहिलेली. मूल अंदाजे 3 वर्षांचं. मी बसले तेव्हा आईच्या मागे लपलं, 5 मिनिटांनी बाहेर आलं, माझं पेन उचललं आणि आईकडे बघितलं, तिने मान हलवल्यावर कागदावर रेघा ओढायला लागलं. डाव्या दंडावर पिवळसर डाग. आई म्हणाली पडलं होतं, कधी ते नक्की सांगता आलं नाही. रात्री मूल कोणापाशी असतं असं विचारल्यावर ती गप्प झाली."

पहिली नोंद खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण तिच्यात दिसत काहीच नाही, नुसता निकाल आहे. उद्या ही केस तिसऱ्या माणसाकडे गेली तर त्याच्या हातात काय येणार, तर एका बाईबद्दलचं वाईट मत. दुसऱ्या नोंदीत मात्र काळजीच्या 2 गोष्टी आहेत, तो डाग आणि ती रात्र, आणि त्याच्याच जोडीला एक फार मोलाची गोष्ट आहे, मुलाने अनोळखी वस्तू उचलल्यावर आधी आईकडे बघितलं. म्हणजे त्याच्यासाठी जग सुरक्षित आहे की नाही हे त्याला आईच्या चेहऱ्यावर वाचता येतं. एवढ्यावरून आई चांगली ठरत नाही, पण पुढच्या वेळी कुठून सुरुवात करायची ते कळतं. आणि डागाबद्दल तिने रंग लिहिला, किती दिवसांचा ते लिहिलं नाही, हेही बरोबर केलं, कारण नुसत्या रंगावरून डाग किती जुना हे डॉक्टरलासुद्धा खात्रीने सांगता येत नाही. तिने दुसऱ्याच दिवशी मुलाला डॉक्टरकडे दाखवायची सोय केली आणि आईलाही सोबत नेलं.

दोघांचं ट्रेनिंग एकच होतं. कायदा दोघांना येत होता, फॉर्म दोघांना भरता येत होते, लेखी परीक्षेत तर पहिल्याला जास्त मार्क होते. फरक एवढाच की दुसरी मुलगी आधी 3 महिने एका जुन्या वर्करच्या मागे मागे घरोघरी फिरली होती, नुसती बसायला, आणि बाहेर आल्यावर तिला रोज विचारलं जायचं की तू काय बघितलंस, तुला काय वाटलं ते नंतर सांग. गेली बरीच वर्षं मी नवीन लोकांना हे काम शिकवते आहे आणि माझं मत आता अगदी पक्कं झालं आहे की आपण हे शिकवणं उलट्या टोकाने सुरू करतो. आधी कायदा, मग प्रक्रिया, मग धोका मोजायची चेकलिस्ट, आणि माणसांच्या घरात जाऊन बसणं, बोलणं, ऐकणं हे "अनुभवाने येईल" म्हणून सोडून देतो. अनुभव कोणाच्या जिवावर घ्यायचा हे मात्र कोणी विचारत नाही. पहिली 20-25 कुटुंबं त्या शिकण्याची किंमत मोजतात आणि त्यातली काही मुलं विनाकारण घराबाहेर जातात, काही धोक्याच्या घरात तशीच राहतात.

यावर लगेच ऐकू येतं की हे सॉफ्ट स्किल झालं, मुलाचा जीव वाचवायला कडक नियम लागतात. या मुद्द्याकडे मी नंतर येते कारण तो हलका मुद्दा नाहीये. आधी हे सांगते की कुटुंबाला मध्यभागी का ठेवायचं, कारण याला लोक भावनिक बोलणं समजतात आणि ते तसं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर आणि अनाथ झालेल्या मुलांचा प्रश्न होता तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाला अभ्यास करायला सांगितला, त्यांचा रिपोर्ट 1951 साली आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लहान मुलाला अन्न आणि निवाऱ्याइतकीच एका जवळच्या, टिकणाऱ्या नात्याची गरज असते, आणि समाजाला मुलांची किंमत असेल तर त्याने त्यांच्या आईबापांना सांभाळलं पाहिजे. त्यांच्या काही गोष्टींवर पुढे टीका झाली, सगळा भार आईवर टाकला असं लोक म्हणाले आणि त्यात तथ्य होतं, पण नात्याचा मुद्दा टिकला. मग 2000 च्या सुमाराला रुमानियात बुखारेस्टमध्ये एक अभ्यास सुरू झाला. संस्थांमध्ये राहणारी 136 लहान मुलं, त्यातली निम्मी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून प्रतिपालक, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या, कुटुंबांत ठेवली आणि बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची वाढ, बुद्धी, माणसांशी जुळणं सगळ्यातच फरक पडला, आणि साधारण 2 वर्षांचं होण्याच्या आत गेलेल्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे स्वच्छ इमारत, वेळेवर जेवण, पाळीपाळीने येणाऱ्या आया, हे सगळं असूनही मुलाला जे लागतं ते मिळेलच असं नाही.

नवीन वर्करला हे पुस्तकात वाचून कळतं पण पोटात उतरत नाही. पहिल्यांदा एखादं मूल घरातून उचलताना त्याचा आवाज ऐकला की उतरतं. ज्या बापाने मारलं त्याच बापाच्या पायाला मिठी मारून मूल ओरडतं तेव्हा नवीन माणूस गोंधळतो, त्याला वाटतं मूल तर इथेच राहायचं म्हणतंय मग आपण चूक करतोय का. चूक असेलच असं नाही. मुलाची ओढ आणि मुलाची सुरक्षितता या 2 वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण घरातून काढणं हा स्वतःच एक घाव आहे, तो कधीकधी करावाच लागतो, ऑपरेशनसारखा, पण ऑपरेशन करणाऱ्याला निदान माहीत तरी असतं की आपण कापतोय.

आता गरिबीबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बाल कल्याणात येणाऱ्या तक्रारींमध्ये मारहाणीपेक्षा दुर्लक्षाच्या केसेस जास्त असतात, अमेरिकेत तर ज्या मुलांच्या बाबतीत तक्रार खरी ठरते त्यातली निम्म्याहून कितीतरी जास्त दुर्लक्षाची असतात. आणि दुर्लक्ष हा शब्द असा आहे की तो गरिबीच्या अंगावर सहज बसतो. थंडीत पुरेसे कपडे नाहीत, शाळेत पाठवलं नाही, औषध दिलं नाही, मूल एकटं ठेवलं. या प्रत्येक वाक्यामागे 2 वेगळी घरं असू शकतात. एका घरात करता येतं पण करत नाहीत, दुसऱ्या घरात करायचंय पण करता येत नाही. चेकलिस्टवर दोन्हीकडे त्याच चौकोनात टिक पडते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2009 साली मुलांच्या पर्यायी संगोपनाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यात स्पष्ट लिहिलं आहे की केवळ आर्थिक गरिबी किंवा फक्त त्या गरिबीमुळेच उद्भवलेली परिस्थिती हे मुलाला आईवडिलांपासून काढायचं एकमेव कारण कधीही असू नये, उलट ते कुटुंबाला मदत द्यायची गरज असल्याचं लक्षण समजावं. हे वाक्य मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते आणि मग विचारते, बरं, आता सांगा, कसं ओळखणार? सगळे गप्प होतात, कारण ओळखायचा एकच मार्ग आहे, विचारणं, आणि असं विचारणं की समोरचा खरं सांगेल.

त्या आईचंच घ्या. रात्री मूल कोणापाशी असतं या प्रश्नावर ती गप्प झाली. पहिल्या वर्करनेही तोच प्रश्न विचारला होता, फक्त असा विचारला: "रात्री मुलाला एकटं सोडून जाता का?" ती म्हणाली, "नाही, शेजारी असतात." त्याने लिहिलं, उडवाउडवी. दुसरीने गप्प बसू दिलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "रात्रपाळी आणि लहान मूल, दोन्ही कसं जमवता? मला तर कल्पनाही करवत नाही." तेव्हा त्या बाईने सांगितलं की आधी एक ओळखीची म्हातारी बाई यायची, ती 2 महिन्यांपूर्वी आजारी पडली, तेव्हापासून मूल झोपलं की बाहेरून कडी लावून जाते, मधल्या सुट्टीत पळत येऊन बघून जाते. आणि हे सांगताना रडली. हा धोका आहे का, तर आहे, मोठा आहे, बाहेरून कडी लावलेल्या खोलीत आग लागली तर काय, आणि तो त्याच दिवशी थांबवायलाच हवा होता, थांबवलाही. पण तो थांबवायला मूल उचलायची गरज नव्हती, रात्री कोणीतरी विश्वासाचं माणूस हवं होतं आणि तिची पाळी बदलून हवी होती. या दोन्ही गोष्टी एका आठवड्यात झाल्या, तोवर तिची बहीण येऊन राहिली. त्या बहिणीचा उल्लेख पहिल्या नोंदीत कुठेच नव्हता कारण कोणी विचारलंच नव्हतं की तुमचं अजून कोण आहे.

"तुमचं अजून कोण आहे" हा प्रश्न कागदावर उतरवायची एक साधी रीत आहे, इको-मॅप म्हणतात, अॅन हार्टमन नावाच्या सोशल वर्क शिकवणाऱ्या बाईंनी 1970 च्या दशकात ती आणली. मध्ये एक मोठं वर्तुळ काढून त्यात घर, भोवती छोटी वर्तुळं, नातेवाईक, काम, शाळा, दवाखाना, शेजार, आणि मध्ये रेघा, जाड रेघ म्हणजे घट्ट नातं, तुटक म्हणजे नावापुरतं, नागमोडी म्हणजे भांडण. ही चित्रं कुटुंबाच्याच हातात पेन देऊन काढून घ्यायची असतात. आपण ऑफिसात बसून काढली तर तो अजून एक फॉर्म होतो. मी बघितलंय की बाप लोक, जे तोंडाने 2 वाक्यं बोलत नाहीत, ते रेघ जाड काढायची की तुटक यावर विचार करत पेन धरून बसतात, आणि तिथे गोष्ट सुरू होते.

ज्यांना वाटतं की चांगला हेतू असला की बाकी सगळं सावरून घेता येतं त्यांनी थोडा इतिहास बघावा. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकात साधारण 1910 पासून 1970 पर्यंत आदिवासी मुलांना त्यांच्या घरांतून काढून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवलं गेलं, त्यांच्या भल्यासाठी असं म्हणून. 13 फेब्रुवारी 2008 ला तिथल्या पंतप्रधानांनी, केविन रड यांनी, संसदेत उभं राहून माफी मागितली. अमेरिकेत 1978 साली मूळ रहिवासी जमातींच्या मुलांसाठी वेगळा कायदा करावा लागला, कारण त्याआधीच्या पाहण्यांत दिसलं होतं की या जमातींची 25 ते 35 टक्के मुलं आपल्या घरांपासून वेगळी झाली होती. ही मुलं काढून नेणारे सगळे क्रूर होते असं नाही. त्यातल्या अनेकांनी घरात जाऊन बघितलं आणि त्यांना जे दिसलं ते स्वतःच्या घरासारखं नव्हतं, एवढंच त्यांना पुरलं. एकाच खोलीत आजी, मावशा, 8 मुलं, हे बघून एकाला गर्दी दिसते, दुसऱ्याला सांभाळणारे हात दिसतात. म्हणून या कामाचा पाया शिकताना स्वतःच्या डोळ्यावरचा चष्मा ओळखणं हा वेगळा एक तासाचा विषय नसावा, तो रोजचा प्रश्न असावा, की मला जे खटकलं ते मुलाला धोक्याचं आहे, की फक्त माझ्या सवयीचं नाही?

आता तो कडक नियमांचा मुद्दा. लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं, की कुटुंबावर एवढा भर दिल्यामुळेच मुलं मरतात ना? व्हिक्टोरिया क्लिम्बिए ही 8 वर्षांची मुलगी 25 फेब्रुवारी 2000 ला लंडनमध्ये मरण पावली. आयव्हरी कोस्टहून वडिलांच्या नात्यातल्या एका बाईबरोबर आली होती, चांगलं शिक्षण मिळेल म्हणून आईवडिलांनी पाठवलं होतं. त्या बाईने आणि तिच्या जोडीदाराने तिचे इतके हाल केले की अंगावर 128 जखमा आणि व्रण सापडले. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा रिपोर्ट 2003 साली आला आणि त्यात दाखवून दिलं की तिला वाचवायच्या किमान 12 संधी वेगवेगळ्या यंत्रणांच्या हातून गेल्या. सोशल सर्व्हिसेस, पोलिस, दवाखाने सगळ्यांना ती माहीत होती.

ही केस नेहमी "बघा, फार विश्वास ठेवला" म्हणून सांगितली जाते. मला ती वाचताना दरवेळी वेगळीच गोष्ट खुपते. तिची केस सांभाळणाऱ्या वर्करने तिला 4 वेळा बघितलं आणि सगळा वेळ मिळून अर्धा तासही होत नव्हता. मुलगी फ्रेंच बोलणारी. तिच्याशी तिच्या भाषेत, एकटीशी, निवांत बसून नीट कोणी बोललंच नाही. मोठ्यांनी जे सांगितलं ते फाइलमध्ये गेलं. याला कुटुंबासोबत काम करणं म्हणत नाहीत. कुटुंबासोबत काम म्हणजे घरातल्या प्रत्येकाला ओळखणं आणि त्यात सगळ्यात आधी ते मूल येतं, ते कुठे झोपतं, काय खातं, कोणाचा आवाज आल्यावर अंग चोरतं, मोठं माणूस खोलीबाहेर गेल्यावर त्याचा चेहरा बदलतो का. त्या यंत्रणांकडे नियम कमी नव्हते, फॉर्मही होते. नव्हतं ते मुलाजवळ बसलेलं माणूस.

आणि हेही मान्य करायला हवं की आपल्या क्षेत्रातल्या लोकांना चांगलंच घडत असेल असं मानायची सवय लागते. रोज इतकं वाईट बघायचं असतं की मनाला थोडी सुटका हवी असते, मग आई गोड बोलली, घर आवरलेलं दिसलं की बरं वाटतं आणि आपण प्रश्न थांबवतो. डॉक्टरांचंही असंच झालं होतं. 1962 साली हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवरचा लेख प्रसिद्ध केला त्याच्या आधीही एक्स-रेमध्ये वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेली हाडं दिसत होती, पण आईबाप असं करतील हे डॉक्टरांच्या मनाला पटत नव्हतं. त्यामुळे मी शिकवताना दोन्ही बाजूंना धरून ठेवते. आदर आणि शंका एकाच माणसाच्या मनात एकत्र राहू शकतात, राहायलाच हव्यात. आईला मान द्या आणि मुलाचा शर्ट वर करून पाठही बघा, तिला सांगून, मुलाला विचारून, पण बघा. जीवाला धोका दिसला तर मग तासांचाही उशीर नको, तिथे चर्चा नंतर.

मुलांशी एकट्याने बोलायचं म्हटलं की नवीन वर्कर एकतर पोलिसासारखे प्रश्न विचारतात किंवा लाडीगोडी लावतात. न्यूझीलंडमध्ये 2000 नंतर एक साधी पद्धत निघाली, तीन घरांची. कागदावर 3 घरं काढायची, एक काळजीचं, एक चांगल्या गोष्टींचं, एक स्वप्नांचं, आणि मुलाने त्यात काय हवं ते काढायचं किंवा लिहायचं. एका 6 वर्षांच्या मुलीने काळजीच्या घरात फक्त एक दार काढलं, काळं, खूप घासून घासून. तिला काही विचारलं नाही, "हे दार केवढं मोठं काढलंस" एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "हे रात्री वाजतं." पुढे त्या एका वाक्यावर सगळं उलगडलं. तिथे जर मी "कोण वाजवतं, बाबा का?" म्हटलं असतं तर उत्तर माझं झालं असतं, तिचं नसतं राहिलं, आणि उद्या कोर्टातही त्याला किंमत उरली नसती.

दारावरून आठवलं, पहिली 5 मिनिटं. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि लोकांना हे फार छोटं वाटतं. रोलप्लेमध्ये एक जण आई होतो, एक वर्कर. दहातले आठ जण दारात उभं राहून म्हणतात, "असंच सहज भेटायला आलो होतो." खोटं आहे ते. तुम्ही सहज आलेला नाहीत, तुमच्याकडे तक्रार आली आहे आणि तुमच्या हातात तिचं मूल नेण्याची ताकद आहे, आणि हे तिला माहीत आहे. आल्या आल्या खोटं बोललात तर पुढे ती खरं का बोलेल? म्हणून सरळ सांगायचं, माझं नाव हे, मी इथून आले, तुमच्या मुलाबद्दल काळजी वाटते असं कोणीतरी कळवलंय, कोणी ते मला सांगता येणार नाही, काय कळवलंय ते सांगते, तुमची बाजू मला ऐकायची आहे, आणि तुम्ही जे सांगाल त्यातलं मुलाच्या सुरक्षिततेबद्दलचं मला लपवून ठेवता येणार नाही. हे आवाज न चढवता, डोळ्यात बघून, चप्पल काढायची असेल तर काढून, बसायला सांगितलं तर बसून बोलायला शिकायला दिवस लागतात. एक मुलगी मला म्हणाली, "ताई, एवढं सगळं सांगितलं तर त्या दारच लावतील ना." काही लावतात. पण ज्या लावत नाहीत त्यांच्याबरोबर पुढचे 6 महिने काम होतं.

ताकदीचा विषय निघालाच आहे तर न्यूझीलंडचंच अजून एक सांगते, 1989 सालच्या त्यांच्या कायद्याने कुटुंब सभा आणली, माओरी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या एकत्र बसून ठरवायच्या रीतीवरून. आजी, काका, मावश्या, सगळे येतात, व्यावसायिक लोक माहिती देतात, काळजी कशाची आहे ते स्पष्ट सांगतात, आणि मग खोलीबाहेर जातात. घरचे लोक एकटे बसून योजना करतात. योजना मुलाला सुरक्षित ठेवणारी नसेल तर ती मान्य होत नाही, पण पहिला हक्क त्यांचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही वाटलं होतं की हे फार धाडसाचं आहे. आता वाटतं, बंद खोलीबाहेर थांबून वाट बघायला शिकवणं हाच अभ्यासक्रमाचा भाग हवा, कारण आपल्या लोकांना मदत करण्यापेक्षा ठरवून देण्याची घाई जास्त असते. आपण ठरवलेली योजना 3 आठवडे टिकते, मामाने स्वतःच्या तोंडाने "शुक्रवार ते रविवार पोरं माझ्याकडे" म्हटलेली टिकण्याची शक्यता जास्त असते कारण तिथे आजी ऐकत बसलेली असते.

मग प्रश्न येतो वेळेचा, आणि इथे मी वर्करना दोष देणार नाही. एका माणसाकडे इतक्या केसेस असतात की घरात तासभर बसणं म्हणजे दुसऱ्या 3 घरांना न जाणं. इंग्लंडमध्ये 2011 साली प्रोफेसर आयलीन मन्रो यांनी सरकारसाठी केलेल्या आढाव्यात हेच मांडलं की व्यवस्था नियम पाळले की नाही हे तपासण्यात इतकी गुंतली आहे की मुलाला मदत झाली का हा प्रश्न मागे पडला. अपघात झाला की नवीन फॉर्म येतो, फॉर्म आला की घरातला वेळ कमी होतो, वेळ कमी झाला की पुढचा अपघात. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मला हवं ते फार मोठं नाही. नवीन माणसाला पहिले 3 महिने स्वतःच्या नावावर एकही केस नको, अनुभवी माणसाबरोबर जाऊ द्या. नंतरचं वर्षभर केसेस अर्ध्या. आणि आठवड्यातून एकदा सुपरवायझरबरोबर तासभर, ज्यात किती फाइल बंद झाल्या हे विचारायचं नाही, तर विचारायचं की या आठवड्यात कोणत्या घराची भीती वाटली, कोणत्या आईचा राग आला, का आला. राग आणि भीती न बोलता साठली की ती नोंदीत उतरते, "सहकार्य करत नाही" अशी. पैसा लागेल हे मला कळतं, पण विनाकारण घराबाहेर काढलेल्या एका मुलाला वर्षानुवर्षं सांभाळण्याचा खर्च कोणीतरी करतंच आहे.

तो पहिला वर्कर, 4 ओळींची नोंद लिहिणारा, वाईट मुलगा नव्हता. त्याला त्या दिवशी 5 घरं होती. त्याला मी एकदा संस्थेत वाढलेल्या एका बाईंची गोष्ट सांगितली होती. तिशीत आल्यावर त्यांनी अर्ज करून स्वतःची जुनी फाइल मागवली होती आणि माझ्याशेजारी बसून ती वाचली होती. त्यांना आईचा चेहरा आठवत नव्हता. 60-70 पानं त्या उलटत गेल्या, आई अनुपस्थित, आई अस्थिर, आई भेटीस आली नाही, परत आई अनुपस्थित. मग एका पानावर कोणा एका वर्करने, सही नीट वाचता येत नव्हती, लिहिलं होतं: "आई आज उशिरा आली, पावसात चालत आल्याने पूर्ण भिजलेली. मुलीला उचलून घेण्याआधी स्वतःचे हात चोळून गरम केले." त्या ओळीवर बोट ठेवून त्या बराच वेळ बसल्या, आणि मग विचारलं की या एका पानाची झेरॉक्स मिळेल का.